कुणाच्या दंडावरची लस?

लसीकरणाचा इतिहास आपल्याकडे एका ठरावीक साच्यातून सांगितला जातो. एका बाजूला विज्ञान घेऊन आलेला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला देवभोळे, अज्ञानी, सुई पाहताच लेकरू पदराखाली दडविणारे आईबाप. शेवटी विज्ञान जिंकते, देवीचा रोग जगातून हद्दपार होतो आणि गोष्ट संपते. हे अज्ञानी आईबाप म्हणजे कोण हे वेगळे सांगावे लागत नाही. ते महारवाड्यात, मांगवाड्यात, भिल्लांच्या वस्तीत, मुसलमानांच्या मोहल्ल्यात राहतात हे सांगणाऱ्याने आणि ऐकणाऱ्याने मनाशी आधीच ठरवून टाकलेले असते.

मी दीपनगरला राहतो आणि जवळच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवितो. वडील औष्णिक वीज केंद्रात कंत्राटी कामगार होते. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. २०२१ साली न्यूमोनियाची नवी लस सरकारी केंद्रांतून तान्ह्या बाळांना मोफत देण्यास सुरुवात झाली, तेव्हा स्टाफरूममध्ये एक सहकारी मला म्हणाले, "सर, तुमच्या लोकांना जरा समजावून सांगा. ते घ्यायचे नाहीत." त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, काळजीच होती. परंतु 'तुमचे लोक' घेणार नाहीत हे त्यांना कसे कळले? त्यांनी कोणाला विचारले होते? विचारण्याची गरजच वाटली नाही, कारण इतिहासाने हा निष्कर्ष त्यांच्या हाती आयता दिलेला होता.

म्हणून तो इतिहासच एकदा उलटून पाहिला पाहिजे. लशीला कोणी, केव्हा आणि कोणत्या कारणाने नकार दिला? आणि ती लस ज्यांच्या अंगावरून घेतली गेली, त्यांना कोणी काय विचारले?

१

लस आज बाटलीतून येते. आरंभीची जवळजवळ शंभर वर्षे ती माणसाच्या अंगातून येत होती, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत फारशी सांगितली जात नाही.

१७९६ साली इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नरने एका गवळणीच्या हातावरील गोस्तनदेवीच्या फोडातील लस घेऊन एका आठ वर्षांच्या मुलाला टोचली. तो मुलगा, जेम्स फिप्स, जेन्नरच्या माळ्याचा होता. ही लस दूर न्यायची तर मोठी अडचण होती. काचेच्या तुकड्यांत किंवा दोऱ्यावर सुकवून पाठविलेली लस उष्ण प्रदेशात मरून जाई. तेव्हा जिवंत माणसाचा दंड हीच तिची खात्रीची बाटली ठरली. एका मुलाला टोचायचे, आठव्या दिवशी त्याचा फोड भरला की तो फोडून त्यातील लस दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, आठ दिवसांनी त्याच्यावरून तिसऱ्याच्या. साखळी तुटली की लस संपली.

स्पेनच्या राजाने १८०३ साली अमेरिकेतील आपल्या वसाहतींकडे लस पाठविली तेव्हा जहाजावर बावीस अनाथ मुले चढविली होती. समुद्र ओलांडेपर्यंत त्यांच्याच दंडावरून लस पुढे सरकत गेली. आपल्याकडे ती व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद, बसरा अशा मार्गाने मुंबईला आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती यशस्वीपणे टोचली गेली. हिंदुस्थानात लस 'धरलेले' हे पहिले बालक. ही मुलगीही एका नोकराची. तिच्या दंडावरून आणखी पाच जणांना टोचले गेले, आणि त्या साखळीतून लस मद्रास, हैदराबाद, म्हैसूरपर्यंत गेली. या मुलीविषयी कागदपत्रांत जे थोडे उरले आहे त्यात ती स्वभावाने शांत, गुणी होती एवढे नमूद आहे. रडली नाही हे डॉक्टरच्या सोयीचे होते.

माळ्याचा मुलगा, नोकराची मुलगी, अनाथाश्रमातील पोरे. नवे औषध प्रथम कोणाच्या अंगावर उतरते, याचा क्रम या तीन नावांनिशी आणि बेनाव ओळींनिशी ठरून गेला होता. म्हैसूरच्या राजघराण्यातील स्त्रियांचे त्या काळचे एक तैलचित्र आहे. ते लशीच्या प्रचारासाठी काढले असावे, असा तर्क काही अभ्यासकांनी मांडला आहे. ज्यांनी लस घेतली त्यांचे चित्र निघाले. ज्यांच्या दंडावरून ती घेतली गेली त्यांचे चित्र काढण्याची कल्पना कोणाच्या मनातही येणे शक्य नव्हते.

२

आता हीच दंडावरून दंडावर जाणारी लस चातुर्वर्ण्याच्या देशात आली तेव्हा काय झाले असेल, याची कल्पना आपल्या वाचकांना करून द्यावी लागू नये. जेथे सावली विटाळते, पाणी विटाळते, तेथे एका मुलाच्या अंगातील द्रव दुसऱ्याच्या रक्तात मिसळायचा होता.

सवर्ण आईबापांचा आक्षेप आला. त्यांचा प्रश्न असा की, ही लस कोणाच्या दंडावरची? इंग्रज अधिकारी आपल्या अहवालांतून याला 'धार्मिक पूर्वग्रह' म्हणत. मला तो शब्द अपुरा वाटतो. लस चांगली की वाईट हा मुळी येथे वाद नव्हता. स्वजातीच्या मुलाच्या दंडावरची असेल तर ती चालत होती. आक्षेप होता तो शेजारच्या वाड्यातील माणसाच्या अंगाला. 'लशीला विरोध' या नावाखाली इतिहासात जे जमा झाले आहे, त्याचा मोठा भाग अस्पृश्यतेच्या खात्यावर वर्ग केला पाहिजे.

आणि दुसरी बाजू? फोड फोडून लस काढणे दुखरे काम असे. जखम चिघळे. एकाच्या अंगातील दुसरा रोग, विशेषतः उपदंश, लशीबरोबर दुसऱ्याच्या अंगात जाण्याची भीती असे, आणि ही भीती खोटी नव्हती. युरोपातील डॉक्टरांनीच तसे प्रसंग नोंदविले आहेत. म्हणून स्वतःच्या मुलाच्या दंडावरून लस काढू देण्यास कोणतेच आईबाप राजी नसत. मग ज्यांना नाही म्हणण्याची सोय नव्हती त्यांची मुले यासाठी धरली जात. डेव्हिड अर्नॉल्ड या इतिहासकाराने वसाहतकालीन वैद्यकावरील आपल्या १९९३ च्या ग्रंथात हे दाखविले आहे की, लस देणारी मुले बहुधा खालच्या समजल्या गेलेल्या जातींतून, गरिबांतून येत. आणि म्हणूनच वरच्या जातींचा आक्षेप अधिक तीव्र होई.

या दोन ओळींत केवढी क्रूर रचना दडलेली आहे! महाराच्या पोराचा दंड लशीसाठी हवा, आणि महाराच्या पोराचा दंड म्हणून ती लस नको. आमचे अंग उपयोगाचे होते तोवर घेतले गेले आणि त्याच अंगाच्या नावाने ती लस बाटली. गावचा मेलेला ढोर ओढायला महार हवा आणि ओढला म्हणून महार बाटगा, ह्या व्यवहाराचीच ही वैद्यकीय आवृत्ती होती.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वासराच्या अंगावर वाढविलेली लस आली, नंतर बेळगावला लस तयार करणारी सरकारी संस्था निघाली, आणि दंडावरून दंडावर टोचण्याची पद्धत हळूहळू मागे पडली. तेव्हा वासराला होणाऱ्या इजेबद्दल आक्षेप निघाले. वासराच्या वेदनेची चर्चा झाली हे चांगलेच झाले. पण त्याआधीची कित्येक दशके ज्या मानवी लेकरांचे फोड फोडले गेले, त्यांच्या वेदनेवर धर्मनिष्ठांकडून अशी चर्चा झाल्याचे मला आढळलेले नाही.

३

कायदाही आला. १८७७ साली मुंबई शहरात मुलांना टोचून घेणे सक्तीचे झाले. १८८० चा हिंदुस्थान सरकारचा कायदा नगरपालिकांसाठी आणि छावण्यांसाठी होता, १८९२ चा कायदा मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी. याच सुमारास इलाख्याची गॅझेटियर छापली जात होती. आपल्या खानदेशचा खंड १८८० चा. गॅझेटियरांच्या आरोग्याच्या प्रकरणांतून टोचलेल्या मुलांचे तक्ते येतात. त्यांत मुलगे किती, मुली किती. एक वर्षाखालील किती, वरील किती. हिंदू किती, मुसलमान किती, पारशी किती, ख्रिस्ती किती असे रकाने असतात. महार, मांग, चांभार, भंगी यांची लेकरे 'हिंदू' या रकान्यात गेली. विहिरीवर ज्यांना हिंदू म्हणून जागा नव्हती त्यांना तक्त्यात मात्र ती मिळाली! कोणाच्या दंडावरून लस घेतली, याला तर रकानाच नव्हता. इतिहासाचा अभ्यासक म्हणून मी अशा तक्त्यांपाशी थांबतो. नोंद नसणे हीदेखील एक नोंद असते.

खानदेशच्या गावगाड्यात सरकारी माणूस आला की त्याची वर्दी देणे, त्याचे ओझे पुढच्या गावापर्यंत पोहोचविणे, पाटलाच्या सांगण्यावरून घरोघर बोलावणी करणे ही महाराची वतनी कामे. देवी काढणारा आला तरी यापेक्षा निराळे काय होणार? गावभर हाका घालणारा महार. आणि ज्या लेकरांबद्दल कोणाची परवानगी घ्यावी लागत नव्हती ती लेकरेही त्याचीच.

माझी आजी रावेरकडच्या एका खेड्यातील. तिच्या दंडावर देवीचे दोन गोल व्रण होते. लहानपणी आम्ही ते बोटाने चाचपत असू. तिच्या लहानपणी, म्हणजे १९४० च्या आगेमागे, वासराची लस रूढ झाली होती, त्यामुळे दंडावरून दंडावर टोचण्याचा काळ तिने पाहिला नव्हता. पण रांग पाहिली होती. ती सांगे, "चावडीपाशी टोचे. सुई तीच व्हती रे बाबा, आमचा नंबर तेवढा शेवटी." सगळ्या गावाचे झाल्यावर महारवाड्यातील लेकरे. सुई एकच, पण क्रम असा की आमच्या नंतर ती कोणाच्या दंडाला लागू नये. विज्ञानाचे हत्यार जातीने आपल्या हिशेबात असे बसवून घेतले होते.

आणि तरीही, हे मुद्दाम लिहिले पाहिजे, आजीची आई तिला घेऊन त्या रांगेत उभी राहिली होती. तिच्या दोन बहिणी आधी देवीत गेल्या होत्या. देवीला नैवेद्यही दाखविला गेला आणि दंडही पुढे केला गेला. ज्या बाईला आपण देवभोळी म्हणतो तिने लेकराच्या जिवासाठी दोन्ही दारे ठोठावली होती. यात अडाणीपणा किती आणि शहाणपण किती, याचा निवाडा करणाऱ्याने आधी शेवटच्या रांगेत उन्हात उभे राहून पाहावे.

४

लशीच्या इतिहासाला मी स्पर्शाचा इतिहास म्हणतो. कारण लस देणाऱ्याला बाळाला हात लावावाच लागतो. यातूनच पुढील दोन प्रसंग एकमेकांसमोर ठेवावेसे वाटतात.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन या शास्त्रज्ञाने मुंबईतच त्यावरील लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नवे औषध आधी स्वतःच्या अंगावर घेणारा हा माणूस माळ्याच्या पोरापासून सुरू झालेला क्रम मोडणारा होता, म्हणून त्याचे नाव आदराने घेतले पाहिजे. त्याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करीत होत्या. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरील महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड या प्लेग झालेल्या मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात आणले. त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

दुसरा प्रसंग काठेवाडातील, १९२९ चा. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणीवजा लेखनात तो दिला आहे. अस्पृश्य समाजातील एका शाळामास्तराची बाळंतीण बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता, वस्तीत तपासायलाही तयार नव्हता. नगरशेठच्या मध्यस्थीने तो आला तो वस्तीबाहेरपर्यंत. बाळंतिणीला तिच्या दोन दिवसांच्या बाळासह बाहेर आणावे लागले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिला, मुसलमानाने नवऱ्याच्या हाती, नवऱ्याने तो बायकोला लावला आणि त्याच क्रमाने परत केला. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने निदान केले: न्यूमोनिया. दोन रुपये फी घेतली. पुढे तो पुन्हा यायला तयार झाला नाही आणि बाई मेली. मास्तराचे हे पत्र डिसेंबर १९२९ मध्ये 'यंग इंडिया'त प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात आपल्याच चाळीसगावला टांगेवाल्यांनी बाबासाहेबांना न्यायला नकार दिला, टांगा हाकण्याची सवय नसलेल्या माणसाला तो हाकावा लागला, अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. तीही हकीकत याच लेखनात आहे.

त्या डॉक्टरपाशी विद्या नव्हती असे नाही. निदान त्याने बरोबर केले असेल. त्याच्यापाशी नव्हता तो हात. सावित्रीबाई वैद्यकाच्या पदवीधर नव्हत्या, पण त्यांनी लेकरू उचलले. 'वैद्यकीय दृष्टिकोन' हा शब्द आपण फार सहज वापरतो. या दोहोंपैकी वैद्यकाचा दृष्टिकोन कोणता, हे वैद्यक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ठरवायचे आहे.

आणि स्वतः बाबासाहेबांच्या घरी काय होते? पाच अपत्यांपैकी चार लहानपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ साली गेला. कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या घेतलेल्या बापाचीही ही स्थिती. मग आमच्या वस्त्यांतील घरांतून किती पाळणे रिकामे झाले असतील!

५

स्वातंत्र्यानंतर रांगेची उघड विभागणी गेली. पण शंका कोणाची आणि अडाणीपणा कोणाचा, ही विभागणी राहिली.

क्षयावरील बी.सी.जी.ची लस देशभर दिली जाऊ लागली तेव्हा १९५५ साली चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी तिला जाहीर विरोध केला. देवी टोचण्याविरुद्ध गांधीजींनीही आपल्या आरोग्यविषयक लेखनात आधीच लिहून ठेवले होते. त्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. तो 'मतभेद' ठरला. पाच रोगांवरील पेंटाव्हॅलंट लस येऊ घातली तेव्हा देशातील डॉक्टरांतच वाद झाला, २००९ साली प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. तो 'शास्त्रीय वाद' ठरला. वीटभट्टीवरील बाईने मात्र "ही सुई कशाची?" असे विचारले की ती 'अंधश्रद्धा' ठरते. एकच प्रश्न विचारणाऱ्याच्या जातीप्रमाणे आणि कपड्यांप्रमाणे तीन नावे घेतो.

आमच्या लोकांना सुईची भीती वाटते हे खरे आहे. पण त्या भीतीला इतिहास आहे. देवीच्या उच्चाटनाच्या अखेरच्या मोहिमेत, १९७३ ते १९७५ या काळात, विशेषतः बिहारच्या खेड्यांतून रात्री घरांत घुसून, दारे तोडून, माणसांना धरून टोचल्याचे वृत्तान्त त्या मोहिमेत असलेल्यांनीच लिहून ठेवले आहेत. मे १९७५ मध्ये देशातील शेवटचा रुग्ण नोंदला गेला, १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झाले. हा मानवजातीचा फार मोठा विजय आहे आणि त्याचा सर्वात मोठा लाभ गरिबांनाच झाला. परंतु त्याच वर्षांत आणीबाणी आली, नसबंदीची सक्ती झाली. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले होते. ते अमलात आले नाही, पण वस्त्यांना सरकारी गाडी दिसताच पळण्याची सवय लागली. २००९-१० साली खम्मम आणि बडोदा जिल्ह्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लशीचा प्रकल्प झाला. त्यात कित्येक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. मुलींचे जे मृत्यू झाले ते लशीने झाले असे चौकशीत सिद्ध झाले नाही; पण संमतीच्या प्रकाराबद्दल संसदीय समितीने २०१३ साली कडक ताशेरे ओढले. आणि ३१ जानेवारी २०२१ रोजी आपल्याच महाराष्ट्रात, यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुक्यात, कापसी-कोपरी या गावी बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली. पण दुसऱ्या दिवशी एखादी आई लेकरू घेऊन केंद्रावर गेली नसेल, तर तिला कोणत्या तोंडाने अडाणी म्हणणार?

६

आता त्या नव्या लशीकडे येतो. न्यूमोकोकस नावाच्या जंतूपासून बाळाचे रक्षण करणारी ही लस अमेरिकेत २००० साली वापरात आली. त्यानंतर काही वर्षांतच ती भारताच्या खासगी बाजारात आली, पण एकेका मात्रेला काही हजार रुपये पडत. सरकारी कार्यक्रमात ती २०१७ साली हिमाचल प्रदेशात आणि उत्तर प्रदेश-बिहारच्या काही भागांत सुरू झाली. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या सीरम संस्थेने स्वस्त देशी लस बाजारात आणली, आणि २०२१ साली ती आपल्यासह सर्व देशात मोफत मिळू लागली. सहाव्या आठवड्याला एक, चौदाव्या आठवड्याला दुसरी आणि नऊ महिने पूर्ण झाल्यावर तिसरी मात्रा, असा तिचा क्रम.

हा हिशेब नीट वाचावा. पाच वर्षांखालील बालकांचा जीव घेणाऱ्या संसर्गांत न्यूमोनियाचा क्रमांक सर्वात वरचा. चुलीचा धूर, कोंदट खोली, कुपोषण, कमी वजनाचे बाळ ही त्याची कारणे. आमच्या परिसरात वरून कोळशाची भुकटी आणि राख आहेच. म्हणजे लस ज्यांना सर्वात आधी हवी होती त्यांना ती सर्वात शेवटी मिळाली. ज्या वर्षांत भुसावळ-जळगावच्या खासगी दवाखान्यांतून पैसेवाल्यांची बाळे ती टोचून घेत होती, त्या वर्षांत आमचे आईबाप लशीला तयार आहेत की नाहीत हा प्रश्न कोणालाच पडला नव्हता. लस फुकट झाली त्या दिवशी तो पडला. आजीचा नंबर शेवटी होता. नातवाच्या पिढीत चावडीची जागा किमतीने घेतली, एवढेच.

२०२१ च्या पावसाळ्यानंतर माझ्या बहिणीच्या बाळासाठी मी तिच्याबरोबर एका उपकेंद्रावर गेलो होतो. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती, सगळ्यांच्या मनात सुईविषयी काहूर होते. सहाव्या आठवड्याला बाळाला एकाच दिवशी तीन सुया असतात, दोन मांड्यांवर दोन आणि दंडावर एक. शिवाय तोंडाने थेंब. शेजारी केळीच्या बागेत मजुरी करणारी एक बाई होती. तिने विचारले, "मागच्या लेकराले दोनच व्हत्या. ही तिसरी कशाची?" प्रश्न किती अचूक होता! तिने मागच्या खेपेचे स्मरण ठेवले होते, मोजले होते, फरक टिपला होता. निरीक्षण, तुलना, प्रश्न; विज्ञान याहून निराळे काय असते? उत्तर आले, "घ्यायची तर घ्या, नाहीतर कार्डावर नकार लिहिते." बाई गप्प झाली आणि बाळ घेऊन मागे सरकली. त्या दिवशी कोणी तिची नोंद केली असेल तर ती 'पालकांचा नकार' अशीच केली असणार.

तेवढ्यात आमच्याच बौद्धवाड्यातील आशाताई तिच्याजवळ जाऊन बसली. फुप्फुसात कफ भरून बाळाच्या बरगड्या कशा ओढल्या जातात, ताप कशाने येतो, रात्री अंग गरम झाले तर काय करायचे, कोणत्या गोष्टीला घाबरायचे नाही आणि कोणत्या गोष्टीला ताबडतोब दवाखाना गाठायचा, हे तिने पाच मिनिटांत सांगितले. बाईने बाळ पुढे केले. डोळ्यांदेखत 'नकारा'ची 'संमती' झाली, आणि मध्ये घडले ते इतकेच की कोणीतरी तिला उत्तर देण्याच्या लायकीची समजले.

ही आशाताई सरकारी नोकर नाही. तिला कामागणिक मोबदला मिळतो. आपल्या हक्कासाठी महाराष्ट्रातील आशांना २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली संप करावा लागला. विज्ञान आणि वस्ती यांच्यामधले दार जी उघडते तिच्या श्रमाची किंमत सर्वात कमी. दंड देणाऱ्या लेकरांना तक्त्यात रकाना नव्हता, तसा आज हिला वेतनश्रेणीत रकाना नाही.

७

या सर्वांतून लस घेऊ नये असा अर्थ कोणी काढला तर तो आपल्याच लेकरांचा घात होईल. २०२२ साली गोवरची साथ आली, ती मुंबईत गोवंडीच्या झोपडपट्टीत आणि आपल्या शेजारच्या मालेगावात. करोनाच्या काळात सुटलेल्या मात्रांची किंमत कोणाच्या पोरांनी दिली हे गावांच्या नावांवरूनच कळते. लस ही आपली आहे. ती साखळी चालू राहावी म्हणून ज्या निनावी लेकरांचे फोड फोडले गेले ती आपल्याच घरची होती. त्या अर्थाने लशीवर आपला पहिला हक्क आहे आणि तो मोफत, वेळेवर, सन्मानाने मिळाला पाहिजे. राखेच्या ढिगाशेजारी बाळ वाढवून, त्याला पोटभर न देता, एक सुई टोचली म्हणजे कर्तव्य संपले असे मात्र शासनाला म्हणता येणार नाही. लस ही भाकरीची आणि स्वच्छ हवेची बदली वस्तू नव्हे.

आपल्या कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी दोन कामे हाती घ्यावीत असे मला वाटते. पहिले, वस्तीवस्तीत बाळांची कार्डे पाहून सुटलेल्या मात्रा भरून घेणे, विशेषतः ऊसतोडीला, वीटभट्टीला, केळीच्या कामाला फिरणाऱ्या कुटुंबांच्या. दुसरे, प्रश्न विचारणाऱ्या आईच्या बाजूने उभे राहणे. बुद्धाने आपला धम्म 'एहिपस्सिको' म्हणून सांगितला: ये, स्वतः पाहा. ऐकीव म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे ज्याने कालामांना सांगितले त्याच्या अनुयायांनी "साहेब सांगतात म्हणून टोचून घ्या" एवढ्यावर समाधान मानू नये, आणि मोबाईलवर कोणी पाठविले म्हणून नाकारूही नये. लस कशाची, कोणत्या वयाला, त्रास काय होऊ शकतो, झाल्यास कोणाकडे जायचे ही चार उत्तरे प्रत्येक आईला तिच्या बोलीत मिळाली पाहिजेत. ती मागण्यासाठी तिला धीर देणे हे कामही लसीकरणाचेच आहे.

माझ्या सहकाऱ्यांना मी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही. आता देतो. आमच्या लोकांना समजावण्यासारखे फारसे उरलेले नाही. लेकरू गमावण्याचे ज्ञान त्यांना सर्वांहून अधिक आहे. समजावून सांगायचे आहे ते त्यांना, जे दोनशे वर्षे या देशात आमच्या लेकरांच्या दंडाला हात घालीत आले आणि त्या लेकरांच्या आईशी बोलायला मात्र तयार झाले नाहीत.